त्या एका वळणाबद्दल थोडं

बर्फावर शर्यत करणारा डच स्पीड स्केटर स्वेन क्रॅमर याच्यावरच्या लेखात त्याची चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं व्यवस्थित मोजलीत, पण व्हँकुव्हर २०१० मधलं दहा हजार मीटरचं प्रकरण 'प्रशिक्षकाच्या चुकीमुळे बाद' एवढ्यावरच उरकलंय. चूक नेमकी काय, ते कळायला हवं.

४०० मीटरच्या ट्रॅकवर एका वेळी दोघेच धावतात. आतली लेन आखूड, म्हणून दर फेरीत एकदा लेन बदलायची, म्हणजे अंतर सारखं पडतं. दहा हजार मीटर म्हणजे २५ फेऱ्या. सतराव्या फेरीत क्रॅमर बरोबर बाहेरच्या लेनकडे निघाला होता. तेवढ्यात प्रशिक्षक केमकर्स ओरडले, 'आत!' वळणाच्या तोंडाशी गड्याने पाय आत वळवला. पुढच्या आठ फेऱ्या तो मस्त पळाला, आधीच्या जोडीत धावलेल्या कोरियाच्या ली सुंग-हूनपेक्षा चार सेकंद कमी वेळ लावला, हात उंचावले. मग लेन चुकल्यामुळे तो बाद झाल्याचं केमकर्सनी सांगितलं आणि क्रॅमरने गॉगल भिरकावला.

आपल्याकडे बर्फ म्हणजे फक्त गोळ्याचा, पण ती क्लिप मी कितीदा पाहिली असेल! दरवेळी वाटतं, बाबा, नको ऐकूस त्यांचं.

आणखी एक. पाच हजारात त्याने २०१०, २०१४, २०१८ अशी ओळीने तीन सुवर्णं घेतली, पण दहा हजारचं कधीच नाही. सोचीत (२०१४) रौप्य, प्योंगचांगला (२०१८) सहावा. तरी केमकर्सना त्याने लगेच सोडलं नाही, सोचीलाही तेच प्रशिक्षक होते. लेखात हे यायला हवं होतं. माझ्या मते पदकांपेक्षा ही गोष्ट मोठी.