‘ओव्ह’ म्हणजे ‘मुलगा’ नव्हे

समाजमाध्यमांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचे म्हणणे असे की, रशियन आडनावांतील ‘ओव्ह’, ‘विच’ आणि ‘स्की’ या तिन्हींचा अर्थ ‘चा मुलगा’ असाच होतो, ‘ओव्हा’ म्हणजे ‘मुलगी’, आणि इंग्रजीत ही आडनावे मुळात असतात तशीच लिहिली जातात. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

आधी ‘ओव्ह’ पाहू. पेत्रोव्ह या शब्दात ‘मुलगा’ कुठेच नाही. पेत्रोव्ह म्हणजे फक्त ‘पेत्रचा’. जुन्या कागदपत्रांत ‘इव्हान पेत्रोव्ह सिन’ असे लिहीत, म्हणजे ‘इव्हान, पेत्रचा मुलगा’. त्यातला ‘सिन’ (संस्कृत ‘सूनु’चा हा नातलग) पुढे गळाला आणि उरलेला ‘पेत्रोव्ह’ वंशजांना आडनाव म्हणून चिकटला. ‘रामचा मुलगा’, ‘रामची मुलगी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातले व्याकरण वेगळे शिकवावे लागू नये. युरी शारापोव्ह यांची मुलगी, टेनिसपटू मारिया, शारापोव्हा होते, कारण ‘चा’चा ‘ची’ होतो. शिवाय मूळ शब्द दर वेळी एखाद्याचे नावच असतो असेही नाही: कुझ्नेत्सोव्हच्या मुळाशी लोहार आहे, पोपोव्हच्या मुळाशी पाद्री आणि व्होल्कोव्हच्या मुळाशी चक्क लांडगा.

‘विच’च्या बाबतीत गोंधळ अधिक मोठा आहे, कारण हा प्रत्यय सर्वत्र एकच काम करत नाही. रशियनमध्ये तो प्रामुख्याने वडिलांच्या नावाला लागतो आणि ते नाव आडनावाहून वेगळे असते. कादंबरीकार फ्योदोर मिखाइलोविच दस्तयेव्हस्की यांच्या वडिलांचे नाव मिखाइल, म्हणून ते मिखाइलोविच आणि त्यांची बहीण मिखाइलोव्हना. हा मधला भाग पिढीगणिक बदलतो, आडनाव मात्र तेच राहते. एकेकाळी तर ‘विच’ हा मान होता. अठराव्या शतकातील सम्राज्ञी एकातेरिना दुसरी (इंग्रजीत कॅथरिन) हिच्या काळात सरकारी कागदांवर पहिल्या पाच श्रेणींतील अधिकाऱ्यांच्याच वडिलांचे नाव ‘विच’ लावून येई, सहावी ते आठवी श्रेणी ‘ओव्ह’वर भागवी आणि त्याखालच्यांना नुसते स्वतःचे नाव पुरे मानले जाई. सर्बियात मात्र असाच शेवट आडनावातच गोठलेला आहे. नोव्हाक जोकोविचच्या वडिलांचे नाव स्रजान आहे. जोको नावाचा कोणी असलाच तर तो फार मागच्या पिढीतला पूर्वज. तिथे स्त्रियांसाठी आडनाव बदलतही नाही, म्हणून टेनिसपटू आना ही इव्हानोविचच राहते.

‘स्की’ला मुलाचा अर्थ चिकटवणे तर निव्वळ अज्ञान आहे. पुष्कळ वेळा तो आपल्या ‘कर’सारखा गावाचे नाते सांगतो. दस्तयेव्हस्की हे आडनाव आजच्या बेलारूसमधील दस्तोयेवो या गावावरून आले आहे.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. रशियन आडनावे पश्चिमेकडे बरीचशी फ्रेंच वळणाने पोहोचल्यामुळे ‘ओव्ह’चा ‘ऑफ’ झाला. रखमानिनॉफ हा संगीतकार स्वतःच आपले नाव तसे लिहीत असे आणि स्मिर्नॉफ व्होडकाच्या बाटलीवर ती रीत आजही दिसते. स्त्रियांच्या आडनावांबाबत तर इंग्रजीने दोन मापे वापरली. सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांची पत्नी रशियनमध्ये रइसा गोर्बाचेव्हा, पण इंग्रजी वृत्तपत्रांत सर्रास ‘गोर्बाचेव्ह’, म्हणजे मराठीत सांगायचे तर ‘ची’चा पुन्हा ‘चा’. याउलट पहिली महिला अंतराळवीर व्हालेन्तिना हिचे तेरेश्कोव्हा कोणी कापले नाही. नवऱ्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या बाईचा प्रत्यय गेला आणि स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईचा राहिला, असा निदान माझा तरी अंदाज आहे. रशियात जन्मलेले कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांचा आग्रह याहून कडक होता: इंग्रजीत टॉलस्टॉयच्या कादंबरीचे नाव ‘आना कारेनिना’ न लिहिता ‘आना कारेनिन’ लिहावे आणि स्त्रीलिंगी रूप फक्त रंगमंचावरील कलावतींसाठी ठेवावे. टेनिसपटू त्यांच्या सवलतीत नव्हत्या.