पोळीला नाक मुरडता, मग समोसे कशाला मागता?

मला कोणीतरी एक गोष्ट समजावून सांगा. किटात, म्हणजे इथल्या जर्मन पाळणाघर-बालवाडीत, संक्रांतीला माझ्या साडेचार वर्षांच्या पोराच्या डब्यातली अर्धी गुळपोळी चालत नाही, कारण काय, तर ‘आमच्याकडे गोड नको’. आणि त्याच किटात फाशिंगला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, तळलेले, जॅम भरलेले, वरून पिठीसाखर भुरभुरलेले गोळे, म्हणजे क्राप्फन, प्रत्येक पोराच्या हातात! ६ डिसेंबरला निकोलाउस, त्यांचा सांताक्लॉजसारखा संत, आला की बुटात चॉकलेटं. तेव्हा गोड चालतं कसं?

आम्ही म्युनिकला राहतो. सकाळच्या खाण्याला इथे ब्रोटत्साइट म्हणतात, त्याचा डबा घरून द्यायचा असतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. धाकटी दीड वर्षाची, रात्री झोपू देत नाही. सकाळी मोठ्याला बूट चढवेपर्यंत हिने मोजे काढून फेकलेले असतात. त्या धावपळीत मी कणीक मळून पोळ्या लाटते, कारण पोराला पोळी आवडते. गरम पोळीला तूप लावून, गुंडाळी करून तुकडे केले की डबा चाटूनपुसून यायचा. यायचा. आता येत नाही.

त्या दिवशी गुळपोळी तशीच परत आली आणि झाकणावर पिवळी चिठ्ठी. ‘कृपया पौष्टिक ब्रोटत्साइट द्यावी.’ खाली पाव, काकडी आणि सफरचंदाचं चित्र काढलेलं, मला नीट कळावं म्हणून. चित्र! अहो, मी दिवसभर ऑफिसात जर्मनमध्येच बोलते. मला वाचता येतं.

कोणी ॲलर्जीचं नाव काढायच्या आधीच सांगते. युरोपात ज्या १४ ॲलर्जन्सची माहिती खाण्याच्या पदार्थांवर द्यावीच लागते, त्यांत तीळही आहेत आणि शेंगदाणेही. मला माहीत आहे ते. म्हणूनच आदल्या दिवशी विचारलं होतं, गटात कोणाला त्रास आहे का. नाही म्हणाले. असता तर पोळी घरीच ठेवली असती, चकार शब्द काढला नसता. कोणाच्या लेकराच्या जिवाशी खेळणारी बाई नाही मी. पण कारण ते नव्हतंच. गूळ म्हणजे साखरच, हेही मान्य. मग क्राप्फनमध्ये काय असतं?

बरं, गोडाचं सोडा. साध्या पोळीभाजीवरही ऐकवून झालं, ‘मुलांना वास येतो.’ कोणत्या मुलांना? मुलं त्याच्याकडून मागून खायची, त्यानेच घरी येऊन सांगितलंय. नाक मुरडतात ती मोठी माणसं, आणि त्यांचं बघून पोरं शिकतात. आता माझा पोरगा सकाळी ओट्यापाशी येऊन म्हणतो, “आई, पोळी नको, ब्रेझन दे.” मैद्याची, गाठीसारखी वळलेली, वर मिठाचे खडे लावलेली ब्रेझन पौष्टिक, आणि कणकेची पोळी नाही? आणि हे पाव-ब्रेझन आणायचं कधी? इथे दुकानं रात्री आठला बंद, रविवारी तर बहुतेक सगळी दिवसभर.

तिकडे व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारतात, “अगं, पोराला रोज ब्रेड देतेस?” वर, “आम्ही नाही का पोरं वाढवली!” वाढवलीत ना, पण घरात आजी होत्या, जाऊबाई होत्या, हाकेच्या अंतरावर शेजारच्या काकू होत्या. इथे दुपारी बाराला फोन येतो, आज माणसं कमी आहेत, मुलांना लवकर न्या. मग कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची यावर आम्ही दोघं फोनवरच भांडतो. मला यातलं कोणीच विचारत नाही. विचारतात फक्त डब्यात काय आहे ते.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते उन्हाळ्यात. किटाच्या सोमरफेस्टची, म्हणजे उन्हाळी जत्रेची, खाण्याची यादी सगळ्यांत आधी माझ्याकडे येते. ‘समोसे कराल ना? मागच्या वर्षी काय छान झाले होते!’ म्हणजे पोरं झोपल्यावर रात्री मी समोसे तळत बसायचं, त्यांनी टेबलावर ‘विविध संस्कृती’ अशी पाटी लावून फोटो काढायचे, आणि नंतर माझ्या पोराचा डबा परत पाठवायचा. वर्षातून एकदा त्यांच्या ताटलीत आमचं खाणं चालतं, रोज माझ्या लेकराच्या पोटात गेलेलं चालत नाही. यंदा त्या यादीत माझं नाव नसेल. मी सांगून टाकलंय.

नियम करायचाय? खुशाल करा. लेखी द्या, एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेत, सगळ्या पालकांसमोर वाचा आणि क्राप्फनलाही लावा, मी पाळीन. तोवर सोमवारपासून डब्यात पोळीच जाणार, तूप लावून. काही म्हणायचं असेल तर संध्याकाळी पोरांना न्यायला येते तेव्हा मला बाजूला घ्या आणि तोंडावर सांगा. पण इतक्याशा पोराला इतर मुलांसमोर डबा बंद करून ठेवायला परत लावलंत ना, तर मी गप्प बसणार नाही.