रात्री अकरानंतरची किल्ली

कल्याणीनगरच्या अपघाताचा वाद आमच्या घरच्या ग्रुपवर अजून मिटलेला नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात एका पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप. बाल न्याय मंडळाने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याला जामीन दिला आणि महाराष्ट्र खवळला. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायला मंडळाने नकार दिला, तेव्हा मामाने लिहिलं, ‘सतरा वर्षांचा घोडा कुठल्या अंगाने बालक?’ त्यावर चुलतबहिणीने तो नेहमीचा फॉरवर्ड टाकला: मेंदू पंचविशीपर्यंत तयारच होत नाही, मग पोरांना कसली शिक्षा?

मी न्यू जर्सीत राहतो, घरात गाडी चालवायच्या वयाची मुलगी आहे, आणि मला या दोघांचंही पटत नाही.

पंचविशीचा आकडा आधी बाजूला ठेवू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ जे गीड यांनी १९९१ पासून त्याच त्याच मुलांच्या मेंदूचं चित्रण वर्षानुवर्षं केलं. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की कपाळामागच्या भागातला करडा थर अकरा-बाराव्या वर्षापर्यंत जाड होतो आणि मग विरळ होत जातो. वापरातल्या जोडण्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. आवर घालणारा हा भाग सगळ्यांत शेवटी पक्का होतो, विशीतही त्याचं काम चालू असतं. पण पंचविसाव्या वाढदिवसाला कुठलंही बटण दाबलं जात नाही.

वादात खरं उपयोगी पडावं असं संशोधन वेगळंच आहे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये पोरांना, कॉलेजच्या वयाच्यांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायची, ते आपलं आपण ठरवायचं. एकटं असताना तिन्ही गटांत फार फरक नव्हता. मित्र शेजारी बसवले की पोरं बेफाम झाली, मोठ्यांवर काही परिणाम झाला नाही. पुढे २०११ मध्ये असाच खेळ मेंदूचं चित्रण करत घेतला. मित्र पलीकडच्या खोलीतून नुसते बघताहेत एवढं कळलं, तरी पोरांच्या मेंदूतला बक्षिसाला चटावलेला भाग जास्त पेटला. अक्कल नसते असं नाही. सोळाव्या वर्षी शांत बसवून विचारलं तर मुलगा मोठ्या माणसाच्या तोडीचा विचार करतो. त्याच मुलाला रात्री दोन वाजता मागच्या सीटवर तीन मित्र बसवून पाठवा.

इथल्या सर्वोच्च न्यायालयात हा गुंता उघडा पडला होता. २००५ च्या रोपर विरुद्ध सिमन्स खटल्यात अठरा वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी घटनाबाह्य ठरली. अल्पवयीन मुलं अपरिपक्व असतात, असं मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने न्यायालयाला सांगितलं होतं. न्या. स्कालिया यांनी विरोधी निकालपत्रात चिमटा काढला: गर्भपाताच्या खटल्यात हीच संघटना मुलींना निर्णय घेण्याची समज असते म्हणत होती! चिमटा चपखल, पण दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. एक निर्णय डॉक्टरशी बोलून, दिवस घेऊन होतो. दुसरा भरात.

म्हणून मला आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ खटकतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याला परिणाम समजण्याची क्षमता होती का, हे मंडळाने तपासायचं. ती तपासणी होते खोलीत, खुर्चीवर, नशा उतरल्यावर. तिथे कुठल्या सोळा वर्षांच्या मुलाला परिणाम कळणार नाहीत?

अमेरिका यात शहाणी आहे असं मात्र कुणी समजू नये. न्यू जर्सीत पंधरा वर्षांच्या मुलाचा खटलाही प्रौढांच्या न्यायालयात जाऊ शकतो. मामाला हे कळलं तर तो इथे स्थायिक व्हायला येईल. मला पटलेली गोष्ट न्यायालयात नाही, गाडीच्या परवान्यात आहे. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, शेजारी मोठा माणूस हवाच. सतराव्या वर्षी एकट्याने चालवता येतं, पण रात्री अकरा ते पहाटे पाच बंद, पालक सोडून एकच सोबती आणि फोनला हात नाही. पूर्ण परवाना अठराव्या वर्षी. नंबरप्लेटवर लाल चिकटपट्टीही लावावी लागते. ती बरेच पालक लावतच नाहीत, मुलगी एकटी आहे हे उगाच का जाहीर करा म्हणून. यात मेंदूचा उल्लेख कुठेही नाही, पण रात्र आणि मित्र या दोन्ही गोष्टी बरोबर हेरल्या आहेत.

आपल्याकडे सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. तसली स्कूटर आता दुकानात शोधून दाखवा! मग क्लासला जायला पोराच्या हाती ११० सीसीची येते, परवान्याशिवाय, आईवडिलांच्या संमतीने. अठरा पूर्ण झाले की रात्र, मित्र, महामार्ग सगळं एकदम मोकळं. शिवाय महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं लागतात, ती कागदावर.

‘पाळणार कोण?’ हा मामाचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. इथेही प्रत्येक चौकात पोलीस नसतो. पण घरात सतरा वर्षांचा चालक आला की विम्याचा हप्ता असा चढतो की बापच अकरा वाजता किल्ली मागून घेतो. भारतातही २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आहे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही. ते कुणी मेल्यावरच आठवतं. क्लाससमोरच्या दुचाक्यांच्या रांगेत रोज संध्याकाळी लावलं, तर दर वेळी मुलाचं वय मोजत बसावं लागणार नाही.