आठवणीच्या नावाखाली पाहुण्यांची वेठबिगारी

डोहाळजेवणाला आलेल्या पाहुण्यांनी ओटी भरावी, होणाऱ्या आईचे कौतुक करावे, पोटभर जेवावे आणि गप्पा मारून घरी जावे, एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नाही, त्या समस्त हौशी मंडळींचा मला सध्या मनस्वी संताप आला आहे. भाचीच्या डोहाळजेवणाची तयारी माझ्याकडे आली. फुलांचे दागिने, झोपाळा, जेवणाचा बेत हे सगळे विनासायास ठरले. परंतु ‘पाहुण्यांसाठी आठवणीची अ‍ॅक्टिव्हिटी काय ठेवली आहे?’ या एका प्रश्नाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो उच्छाद मांडला आहे, त्याला तोड नाही. सुचवायला सगळे पुढे, आणि बोहरी आळीत पिशव्या घेऊन उन्हात फिरायला मी एकटी.

पहिली सूचना अंगठ्यांच्या झाडाची आली. कॅनव्हासवर निष्पर्ण झाड रंगवून ठेवायचे आणि प्रत्येक पाहुण्याने शाईत अंगठा बुडवून त्याला एकेक पान द्यायचे. मोबाइलवर हे फार गोड दिसते. प्रत्यक्षात शाईच्या पॅडसमोर पैठण्या नेसलेल्या बायकांची रांग लागते, अंगठे पुसायला ठेवलेले कागदी रुमाल निम्म्या रांगेतच संपतात, आणि त्याच माखलेल्या हाताने पुढे हळदीकुंकू लावायचे असते, ओटीत तांदूळ घालायचे असतात, पदर सावरायचा असतो, याचे भान सुचवणाऱ्याला नसते. गेल्या वर्षी अशाच एका समारंभात एका काकूंच्या मोतिया रंगाच्या पदरावर उमटलेले हिरवे पान मी डोळ्यांनी पाहिले आहे. कॅनव्हासवरच्या कोणत्याही पानापेक्षा ते ठसठशीत होते.

दुसरी सूचना झबली रंगवण्याची. कापडावरचा रंग नीट वाळायला वेळ लागतो, वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवावी लागते, आणि एवढे करून रंगवलेला भाग पापडासारखा कडक होतो. नवजात बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून ज्या घरात आजवर आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीची झबली आणि दुपटी शिवली गेली, त्याच घरातल्या बायकांनी बाळाला असला रंगवलेला पुठ्ठा घालावा, ही कल्पना नेमकी कोणाला सुचली, हे मला एकदा त्या व्यक्तीला समोर बसवून विचारायचे आहे.

बाळ अठरा वर्षांचे झाल्यावर उघडायच्या काचेच्या बरणीतल्या चिठ्ठ्यांबद्दल फारसे बोलण्यात अर्थ नाही. पंगत वाढलेली असते, मसालेभात निवत असतो, कार्यालयाचा व्यवस्थापक घड्याळाकडे पाहत दारात उभा असतो, आणि चष्मा घरी विसरलेल्या आत्या ‘माझ्या वतीने तूच काहीतरी छान लिही गं’ म्हणून चिठ्ठी माझ्याच हातात देतात. अशा तऱ्हेने अर्ध्या बरणीतले आशीर्वाद एकाच हस्ताक्षरात जमा होतात.

परंतु माझा खरा संताप आहे तो मतदानाच्या फलकावर. सजावटीचे पॅकेज विकायला आलेल्या मुलीने तो मला मोठ्या उत्साहाने दाखवला. अर्धा निळा, अर्धा गुलाबी, आणि ‘मुलगा की मुलगी’ याचा अंदाज बांधून पाहुण्यांनी आपापल्या बाजूला सही करायची. कार्यक्रमानंतर तो चौकटीत बसवून बाळाच्या खोलीत लावता येतो म्हणे, आणि त्याचे पैसे अर्थातच वेगळे. झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी, हा खेळ आपल्याकडे जुनाच आहे आणि तोही मला फारसा रुचत नाही. पण पेढा निदान खाऊन संपतो, मागे काही लेखी उरत नाही. येथे मात्र निळ्या बाजूला सह्यांची दाटी होणार, हे आमच्या नातेवाइकांना ओळखणारे कोणीही डोळे मिटून सांगेल. उद्या मुलगी झाली आणि वाचायला शिकल्यावर तिने भिंतीवर पाहिले की दोन्हीकडच्या आज्यांनी, आत्यांनी, माम्यांनी निळ्या बाजूला झोकदार सह्या ठोकल्या आहेत, तर तिला काय सांगायचे? ज्या महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, कायदा केला, जेथे प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक लावावाच लागतो, तेथे घरच्या समारंभात आपण हौसेने दुसरा फलक लावायचा आणि त्याला आठवण म्हणायचे! ‘मॅम, सगळे करतात’, असे उत्तर त्या मुलीने दिले. मी तिला चहा दिला आणि वाटेला लावले.

या सगळ्या धबडग्यात जिच्यासाठी समारंभ आहे, तिला कोणी विचारलेलेच नाही. सातव्या महिन्यात, अंगावर फुलांचा साज आणि भरजरी साडी घेऊन, झोपाळ्यावर ताठ बसून तिने प्रत्येक पाहुण्याबरोबर झाडासमोर, बरणीसमोर आणि झबल्यांच्या दोरीसमोर हसतमुखाने फोटो काढून घ्यायचे. तिची कंबर दुखते, हे ग्रुपवर एकानेही लिहिले नाही.

म्हणून काल मीच ग्रुपवर सविस्तर लिहिले, की शाई, रंग, बरणी आणि फलक यांपैकी काहीही होणार नाही. ज्यांना बाळासाठी आठवण द्यायची असेल त्यांनी आपली एक जुनी सुती साडी स्वच्छ धुऊन आणावी, तिची दुपटी शिवून घेण्याची जबाबदारी माझी. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका वहिनींनी विचारले, की सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या आणल्या तर चालेल का, म्हणजे फोटोत बरे दिसेल.