भज्यांच्या कागदावरचं आधार

शनिपाराजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा कांदाभजी आली ती कुणाच्या तरी आधारच्या झेरॉक्समध्ये गुंडाळून. १२ आकडे स्वच्छ वाचता येत होते, फोटोतल्या बाईंच्या कपाळावर तेलाचा डाग. मी कागदाचे तुकडे करून खिशात टाकले.

"घ्या! आणि हा मंदार ईमेलला घाबरा म्हणतो," नाना पेटले. बँकेतून रिटायर झालेत, पण आवाज अजून काउंटरवरचाच. "मागेल त्याला झेरॉक्स वाटता. अरे, मास्क्ड आधार मिळतं, पहिले ८ आकडे झाकलेलं. ते द्यावं."

"चालवून घेतात?" बंड्या.

"विचारलंयस कधी?"

मंदार हिंजवडीवाला. त्यानं मोबाईल पुढे सरकवला. रिफंडचा मेल. वर नाव 'आयकर विभाग', नावावर बोट टेकवलं तर खाली भलताच पत्ता. "आयकरवाल्यांचा पत्ता जीओव्ही डॉट इननं संपतो. हे लोक ते मधेच घुसडतात आणि शेपूट वेगळं लावतात."

"हुशार आहेस. पासवर्ड किती तुझे?"

"एकच... थोडा फिरवून."

नानांना तेवढंच हवं होतं. "तुझा मेल चोराच्या हातात गेला की त्यानं बाकी सगळीकडे 'पासवर्ड विसरलात?' दाबायचं. नवी लिंक येते कुठे? मेलवरच! टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, तो तरी लावलाय?"

"लावायचाय."

मी गप्प. गेल्या पावसाळ्यात 'आज रात्री वीज तोडणार' या मेसेजमधल्या नंबरला मीच फोन लावला होता. समोरचा ॲप टाका म्हणाला आणि नेमकी बायकोनं गॅस बंद करायला हाक मारली, म्हणून वाचलो. हे कट्ट्यावर सांगण्यात अर्थ नाही, वर्षभर पुरवतील.

"गेलेच पैसे तर?" बंड्याला शेवटच आधी हवा असतो.

"लगेच १९३०ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, वाटेतच अडवायचे. लाजत बसलास की गेले. आणि तुझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलंस? संचार साथी या सरकारी साइटवर दिसतं."

बंड्यानं तिथल्या तिथे साइट उघडली. "नाना, ओटीपी आला. सांगू?"

"मला कशाला सांगतोस, गाढवा! साइट तू उघडलीस, तूच टाक."

यादी आली. चार नंबर. तीन त्यानं ओळखले.

"चौथा वहिनींचा असेल," मंदार म्हणाला.

"तिचं सिम तिच्या वडिलांच्या नावावर आहे," बंड्या म्हणाला आणि हातातलं भजं त्यानं परत कागदावर ठेवलं.