मत परत मिळालं, पण थकबाकी भरल्यावर

आरक्षणावरच्या आपल्याकडच्या वादात अमेरिकेतले कृष्णवर्णीय हमखास साक्षीला ओढले जातात. एक बाजू म्हणते, तिथे राखीव जागा नाहीत, तरी ओबामा राष्ट्राध्यक्ष झालेच ना! दुसरी बाजू विद्यापीठांतल्या प्रवेशांचा दाखला देते. वंश विचारात घेण्याची ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मोडीत काढली. बोलणं दोन्हीकडे जागांचंच. इथून पाहताना मात्र आफ्रिकन-अमेरिकन माणसाचं स्वातंत्र्य मला दुसरीकडेच अडलेलं दिसतं: कोर्टातल्या पैसे भरायच्या खिडकीवर.

1865 च्या 13 व्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम घ्यायची मुभा ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी मग बेकार फिरणं हाच गुन्हा ठरवला आणि कैदी खाणमालकांना, मळेवाल्यांना भाड्याने दिले. गुन्हेगाराचा शिक्का बसला की हक्क काढून घेता येतो, हे गणित तेव्हाच पक्कं झालं. फ्लोरिडाने 1868 च्या राज्यघटनेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचं मतच काढून घेतलं. 2016 च्या सुमाराला तिथल्या दर पाच प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी एकाहून अधिक जण त्यामुळे मतदानाबाहेर होते.

2018 मध्ये फ्लोरिडाच्या 64 टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला, की शिक्षा पूर्ण केलेल्यांना मत परत द्या. खून आणि लैंगिक गुन्हे तेवढे वगळा. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून ठरवलं, की ‘शिक्षा पूर्ण’ म्हणजे तुरुंग, पॅरोल, प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली काढायची मुदत) तर झालंच, शिवाय दंड, भरपाई आणि कोर्टाची फीसुद्धा चुकती.

आता ही फी कशी चढते ते पाहा. परवडत नाही म्हणून सरकारी वकील मागायचा, तर अर्जालाच 50 डॉलर. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात, तर त्या वकिलाचे किमान 100 आणि सरकारी पक्षाच्या खर्चाचे किमान 100. त्यावर कोर्टखर्च वेगळा. थकलं की वसुली खासगी एजन्सीकडे जाते, आणि तिला थकबाकीवर 40 टक्क्यांपर्यंत आकार लावता येतो.

मताच्या हक्कासाठी मोजायची ती फक्त निकालपत्रातली मूळ रक्कम, नंतर चढलेली नव्हे. अडचण नेमकी इथेच आहे. खात्यात दिसते आजची बाकी. भरलेल्या पैशांतून मूळ रकमेत किती गेले आणि एजन्सीकडे किती, हे उलगडणं वकिलालाही जड जातं. राज्यात 67 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, प्रत्येकीचं दप्तर वेगळं. वीस-तीस वर्षांपूर्वीचं निकालपत्र कुठे सापडतं, कुठे नाही. दुसऱ्या राज्यातला किंवा केंद्रीय कोर्टातला खटला असेल, तर ती कागदपत्रं आणखी निराळी. आणि नोंदणीच्या अर्जावर शपथेवर सही करायची असते. मुद्दाम खोटं लिहिल्याचं ठरलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. सगळं फेडलेला माणूसही मग घरीच थांबतो. याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. न्यायालयात आलेल्या तज्ज्ञाच्या अंदाजानुसार सुमारे पावणेआठ लाख लोकांवर अशी थकबाकी होती. जिल्हा न्यायाधीशांनी हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबर 2020 मध्ये अपील न्यायालयाने 6 विरुद्ध 4 मतांनी तो निर्णय फिरवला.

अमेरिकेत जामिनाचंही तेच. दहा हजार डॉलरचा जामीन कोर्टात रोख भरला, तर खटला संपल्यावर परत मिळतो. तेवढे नसतील तर जामीन-दलालाला दहा टक्के द्यायचे. ते हजार डॉलर निर्दोष सुटलात तरी गेले ते गेलेच. इलिनॉय राज्याने सप्टेंबर 2023 पासून रोख जामीनच बंद केला, आणि मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तिथल्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. त्याच जिव्हाळ्याने आज दोन्हीकडचे कायदे शेजारी ठेवून वाचायला हवेत. एका बाबतीत आपण पुढे आहोत: सुटून आलेल्या माणसाला आपल्याकडे मतासाठी एक रुपया भरावा लागत नाही. पण 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5) प्रतिबंधक कायद्याखालचे स्थानबद्ध सोडले, तर तुरुंगातल्या कुणालाच मत देऊ देत नाही, खटला सुरूही न झालेल्याला नाही. आपल्या तुरुंगांतले जवळपास तीन-चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, आणि दलित, आदिवासी, मुसलमान त्यांत लोकसंख्येच्या मानाने जास्त. अमेरिकेत निव्वळ कच्चा कैदी आहे म्हणून मताचा हक्क जात नाही, मतपत्रिका कोठडीपर्यंत क्वचितच पोचते हे खरं असलं तरी. आपल्याकडे तुरुंगातून निवडणूक लढवता येते; 2024 मध्ये दोघे तसे लोकसभेवर निवडूनही आले. स्वतःचं मत मात्र टाकता येत नाही. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना टपाली मतपत्रिका आजही मिळते. तेच पाकीट शेजारच्या बराकीतल्या कच्च्या कैद्याला द्यायला कलमात एक ओळ वाढवावी लागेल.