यादीत नाव नाही म्हणून तक्रारच ऐकायची नाही?

कंपनीच्या 'सपोर्टेड' यादीबाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्याने सपोर्टची अपेक्षाच ठेवू नये, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. सेंटओएस ८ ही मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले होते. ३१ डिसेंबर २०२१ ला तिचे अपडेट्स बंद झाले. आम्ही रॉकी लिनक्सवर गेलो, जी सेंटओएससारखीच रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइझ लिनक्सशी सुसंगत राहावी म्हणूनच बनवली आहे. पण ज्या बॅकअप सॉफ्टवेअरचे आम्ही दरवर्षी पैसे भरतो, त्याचा इन्स्टॉलर पहिल्याच पायरीला अडला. स्क्रिप्ट उघडून पाहिली तर ती ओएस-रिलीज फाइलमधलं (जिथे सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली असते) फक्त नाव तपासत होती. कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, लायब्ररीची आवृत्ती नाही, नुसतं नाव! चाचणीच्या मशीनवर ती एक ओळ बदलली आणि सगळं सुरळीत बसलं.

महिन्याभराने रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं, मध्येच तुटायला लागला. कंपनीकडे तक्रार केली, लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी) जोडले, नेमकं कुठल्या फाइलला अडकतं तेही लिहिलं. उत्तर आलं, 'ही सिस्टिम सपोर्टेड नाही', आणि तक्रारीचं तिकीट बंद. मग अख्खा दिवस घालवून यादीतल्या सिस्टिमवर तोच दोष जसाच्या तसा दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी चूक आपल्याच कोडमध्ये असल्याचं मान्य केलं.

प्रत्येक सिस्टिमवर चाचणी करणं कंपनीला परवडत नाही, हे मान्य. पण आलेला लॉग वाचायला काय हरकत आहे? रिस्टोअर अडतो तेव्हा समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. 'हमी देत नाही, पण बघतो' म्हणणारे सपोर्ट इंजिनिअरही मला भेटलेत, आणि त्यांच्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आम्ही आजही न चुकता रिन्यू करतो.